तात्पर्य नसलेलं पुस्तक

दुकानदार म्हणाला, "आबा, हे घ्या. यातल्या प्रत्येक गोष्टीच्या शेवटी तात्पर्य आहे. पोरांवर संस्कार होतात."

मी मुंडी हलवली आणि घेतलं. मला पुस्तकातलं काय कळतं? चौथी शिकलेला माणूस मी, सारी उमर जळगावच्या दालमिलमध्ये पोती उचलली. उन्हाळ्याच्या सुट्टीत लहान पोरांना वाचून दाखवायला कोणतं पुस्तक घ्यावं, हे मला आजवर कुणी विचारलं नव्हतं. यंदा ती वेळ आली, कारण संक्रांतीनंतर माझी बायको मेली. लोक म्हणतात, 'वारली' म्हणा, 'देवाघरी गेली' म्हणा. मेली. मला घोळवून बोलता येत नाही.

लेकीची दोन पोरं दर उन्हाळ्यात धुळ्याहून आमच्याकडे असोद्याला येतात. लेक धुळ्यात नोकरी करते, जावई फिरतीवर असतो. पोरगी दुसरीत, धाकटा अजून बालवाडीत. आजवर त्यांचं सगळं माझ्या हिनंच बघितलं. कुरडया करताना चीक खायला द्यायची, गच्चीवर पापडांची राखण करायला बसवायची, कावळा आला की ओरडायला लावायची. पोरं दमून पडायची, ती सकाळीच उठायची. यंदा लेकीचा फोन आला. "आबा, या वर्षी राहू द्या. इथं शिबिर आहे. वाचन घेतात, चित्रं काढून घेतात. तिकडे आई नाही. पोरं दिवसभर मोबाईल घेऊन बसतील."

"वाचन मी घेतो," मी म्हटलं.

ती हसली. "तुम्ही?"

मला असा राग आला, की फोन आपटावा. नाही आपटला. भांडलो असतो तर पोरं आलीच नसती, आणि संक्रांतीपासून या घरात भांडं वाजलं तर ते माझ्याच हातून पडलेलं असतं. शेवटी असं ठरलं, की आखाजीपर्यंत, म्हणजे अक्षय्य तृतीयेपर्यंत, पोरं माझ्याकडे राहतील. आखाजीला लेक येणार, बघणार, आणि जमत नसेल तर दोघांना घेऊन जाणार. बापाची परीक्षा. घे म्हटलं.

मला वाचता येतं, पण एकाच तऱ्हेनं. श्रावणात आमच्याकडे पोथी लागायची. वाचणारा मी, ऐकणारी ही. दुसरं काही मी मोठ्यानं कधी वाचलंच नाही. म्हणून पोरं आली त्या दुपारी जेवणं झाल्यावर मी हातपाय धुतले, टोपी घातली, पाट मांडला, पाटावर पुस्तक ठेवलं आणि सुरू केलं. गोष्ट कोल्ह्याची होती, पण माझ्या तोंडातून पोथीच्या चालीवरच निघाली. "एका अरण्याऽऽत, एक कोल्हाऽऽ..."

धाकट्यानं डोळे मिटून हात जोडले.

पोरगी म्हणाली, "आबा, हे गाणं शे का?" धुळ्याच्या आजीची अहिराणी तिच्या तोंडात बसलेली.

"गप. मधे बोलू नये."

शेवटी तात्पर्य आलं. आळस करू नये, मोठ्यांचं ऐकावं. धाकट्यानं डोळे उघडले आणि हात पुढे केला. "आता प्रसाद?"

गुळाचा खडा दिला. तो चघळून होईस्तोवर दोघं माझा मोबाईल घेऊन आतल्या खोलीत.

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी पाट मांडताना पाहूनच पोरगी म्हणाली, "नको ना आबा. त्याच्यात बठ्ठे प्राणी बाईंसारखे बोलतात. बठ्ठं आमले रागवाले लिखेल शे."

मी तिला रागावलो. मग ती खेळायला गेल्यावर पुस्तक घेऊन एकटाच बसलो, मनात वाचायचा प्रयत्न केला. पोरगी खरं बोलली होती, सगळं पोरांना रागवायलाच लिहिलेलं. कोल्हा असो, मुंगी असो, पानाच्या शेवटी सगळे पोरांकडे बोट दाखवून उभे. गंमत कुठंच नाही. आणि मला एकदम कळलं, की हा आवाज माझ्या ओळखीचा आहे.

बायको मेल्यावर दहा दिवस माझ्या ओट्यावर हेच चाललं होतं. येणारा बसायचा, चहा घ्यायचा आणि तात्पर्य सांगायचा. 'सवाष्ण गेली, भाग्याची.' 'सुटली बिचारी.' 'आबा, आता मन देवाकडे लावा.' सुटली? कशातून? तिला कुठं सुटायचं होतं? तिला नाशिकला बहिणीकडे जायचं होतं, त्यासाठी नवी पिशवी आणून ठेवली होती. आदल्या दिवशी ती काय बोलली, कशावरून माझ्याशी भांडली, ताटात काय टाकलं, हे एकानंही विचारलं नाही. गोष्ट कुणाला ऐकायचीच नव्हती. शेवट तेवढा लावून चहाचा कप खाली ठेवायचा होता. आणि तसलंच पुस्तक मी स्वतःच्या हातानं आणून लेकरांच्या पुढ्यात मांडलं!

दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसनं दोघांना घेऊन जळगाव गाठलं.

"हे परत घे," दुकानदाराला म्हटलं.

"आबा, विकलेलं पुस्तक परत होत नाही."

"मग दुसरं दाखव. पोरं निवडतील."

पोरं मांडणीकडे धावली. सगळी पुस्तकं प्लास्टिकमध्ये बांधलेली. पोरगीनं एक नख लावून फाडायला घेतलं तसा तो ओरडला, "ए बेटा, हात नाही लावायचा! वरून बघ."

मग मात्र मी तापलो. "काहून रे भो? केळी घेतो तवा फणी उलटी करून पाहतो मी. लुगडं चुरगाळून पाहतो. आन् पुस्तक न उघडता घेऊ? नुसता फोटो पाहून लगीन लावू का मी?"

"लग्नं फोटो पाहूनच होतात आबा," तो म्हणाला.

दुकानातली एक बाई फसकन हसली. मला हसू आलं नाही, पण त्याला आलं, आणि त्यानं कात्री घेऊन चार-पाच पुस्तकं मोकळी केली.

पोरगी खाली फरशीवर बसली. एकेक उघडायची, पहिलं पान बघायची, बाजूला टाकायची. मी पुस्तकाकडे पाहत नव्हतो, तिच्या तोंडाकडे पाहत होतो. एका पुस्तकाला ती पान उलटायच्या आधीच खिदळली. एका म्हशीला शिंक येते आणि गावातल्या घरांचे पत्रे उडतात, असली काहीतरी गोष्ट. धाकट्यानं नुसत्या चित्रांचं पुस्तक धरलं. चिखल, गाड्या, चाकं. एक अक्षर नाही.

"याच्यात मी वाचू काय?" मी विचारलं.

"ट्रॅक्टर वाचा," तो म्हणाला.

दुकानदार कुजबुजला, "आबा, या दोन्हीत शिकण्यासारखं काही नाही हो."

"म्हनूनच दे."

कुणाला सुट्टीत पोरांसाठी पुस्तक घ्यायचं असलं तर माझं एवढं ऐका, आवडलं नाही तर शिव्या द्या. पोराला सोबत न्या. दुकानात खाली बसू द्या. दुकानदार ओरडला तर तुम्हीही ओरडा. तुम्ही काही न सांगता जिथं पोर हसलं, ते घ्या. मागच्या बाजूला काय काय शिकवतं ते छापलेलं असतं, ते वाचू नका. आणि एक पान स्वतः वाचून पाहा. तुम्हालाच जांभई आली तर ते तिथंच ठेवा. पोरांनी काय पाप केलंय?

घरी आलो. या वेळी पाट काढला नाही, खाटेवर आडवा झालो, दोघं दोन बाजूंना. पण चाल काही जिभेवरून उतरेना. "आणि मग म्हशीलाऽऽ शिंक आलीऽऽ..." पोरं पोट धरून लोळायला लागली. पोरगी म्हणाली, "शिंक लहान झाली, आबा. पत्रे उडायला पाहिजेत!" मी अशी शिंक काढली, की कवळी हलली. परत. परत. घसा कोरडा पडला.

एक गोष्ट लपवत नाही. पोरं हसत होती तेव्हा समोर भिंतीवर हिचा हार घातलेला फोटो होता, आणि मला दोघांना गप करावंसं वाटलं. या खोलीत एवढ्यात हसता कसं? हात उचलला होता मी. मग धाकटा म्हणाला, "आजीला पण शिंक येते का?" मी म्हटलं, तिची शिंक या म्हशीहून मोठी होती, गल्लीतली कुत्री उठायची. ते खरंच होतं. तिघंही हसलो. त्याचा राग मला दिवसभर पुरला, कुणावर ते सांगता येत नाही.

आखाजीला लेक आली. नवी घागर आणली, हिच्या नावानं भरली, वर खरबूज ठेवलं. ती मेल्यावरची पहिलीच घागर. आम्ही एकमेकांकडे पाहिलं नाही. मग आमरस-पुरणपोळीचं जेवण झालं. ताटावरून उठायच्या आत तिनं पोरगीला विचारलं, "मग? आबांनी काय काय वाचलं? काय शिकलीस?"

"काहीच नाही!" पोरगी आनंदानं म्हणाली. "म्हैस शिंकते."

लेकीनं माझ्याकडे पाहिलं. "आबा, शिबिरात तरी..."

"घेऊन जाय मंग," मी उसळलो. "आत्ताच जाय. काय शिकली, काय शिकली! तुझी आई तुले गच्चीवर कावळे हाकलायले बसवे, तवा काय शिकली व तू? साऱ्या दुनियेनं मले शिकवून घेतलं चार महिने. आता या लेकरायच्या मागं लागू नको."

लेक ताट उचलून मोरीकडे गेली. बराच वेळ नळ वाहत होता. मी ओट्यावर जाऊन बसलो. आपणच आपल्या हातानं पोरं घालवली, असं वाटलं. माफी मागायला मात्र उठलो नाही.

आतून आवाज आला. पोरगी आईला म्हैस वाचून दाखवत होती, माझ्याच चालीवर, सूर ताणून. शिंक आली तशी लेक हसली. फोनवरचं हसू नव्हतं ते. मग बहुतेक रडली. मी आत गेलो नाही.

सकाळी स्टँडवर तिची एकटीचीच पिशवी होती. धुळ्याची बस लागली. पायरीवर चढता चढता ती वळली.

"आबा, तुम्ही एकटे पडाल म्हणून नाही ठेवत मी त्यांना. पोरं हसली म्हणून ठेवते."

संक्रांतीपासून माझ्याशी इतकं सरळ कुणी बोललं नव्हतं.

"बरं," मी म्हटलं. "जाय, बस आता, जागा जाईल."