गळ्यातली पाटी

रुमाअक्का आपल्या सख्ख्या धाकट्या बहिणीशी फोनवर बोलायची ते थेट पाठ्यपुस्तकातलं मराठी. "तुझी प्रकृती बरी आहे ना? पाऊस समाधानकारक झाला का?" बेंगळुरातल्या बोम्मसंद्र्याच्या आमच्या कारखान्यात जेवणाच्या सुट्टीत हे रोज कानावर पडायचं. मी चिडवायचो, "अय्यो अक्का, पलीकडे बहीण आहे की तहसीलदार?" ती हसून विषय बदलायची.

ती सातपुड्यातली, पावरा आदिवासी. आश्रमशाळेत राहून शिकली आणि इथे माल तपासायच्या कामाला लागली. केसाएवढी चीर तिच्या नजरेतून सुटायची नाही. "शाळेने भाकरी दिली, अक्षर दिलं. खोटं कशाला बोलू, अण्णा?" असं नेहमी म्हणायची.

मी सुपरवायझर. आमचं घराणं बेंगळुरात तीनचारशे वर्षं आहे, तरी घरात मराठी टिकलीय, याचा मला भारी तोरा. आणि मीच काय करावं? तिच्या भागातल्या सहा मुली नव्याने लागल्या. त्या आपसात पावरी बोलायच्या, मला कळेना. मी पुठ्ठ्याची पाटी लावली : 'इथे फक्त हिंदी किंवा कन्नड बोलावे.'

अक्काने ती सगळ्यांदेखत उतरवली आणि माझ्या टेबलावर आणून ठेवली. त्याच टेबलावर तिच्या बढतीचा कागद माझ्या सहीसाठी पडला होता, आणि तिला ते माहीत होतं.

"सही नका करू, चालेल. पण ही पाटी परत लागणार नाही. शाळेत पावरी बोललं की गुरुजी गळ्यात पाटी अडकवायचे. बोलणाऱ्या दुसऱ्या कुणाचं नाव सांगितलं, तरच ती उतरायची. मी बहिणीचं सांगितलं. सात वर्षांची होती ती."

"पण अक्का, आम्ही नाही का आमची भाषा टिकवली?" मी काहीतरी बरळलो.

"तुमची टिकली, कारण तुम्हाला कुणी छडी मारली नाही."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पाटी फाडली, सही केली आणि म्हटलं, "मशीनच्या सूचना मुलींना यापुढे पावरीत तुम्हीच सांगा."

"सरी, बरं," ती म्हणाली.

गेल्या वर्षी गावी परतेपर्यंत ती त्या लाइनची प्रमुख होती. पाहुणे आले की मी त्यांना आधी तिच्याकडे न्यायचो. एवढा अभिमान मला माझ्या घराण्याचाही वाटला नाही.

पाटी फाडली त्या दुपारी तिने बहिणीला फोन लावला आणि अडखळत पावरीत बोलली. पलीकडून बहीणही पावरीत काहीतरी बोलली. मग अक्का हसता हसता रडायलाच लागली.

"काय म्हणाली बहीण?" मी विचारलं.

"म्हणाली, थांब, तुझं नाव गुरुजींना सांगते!"