खेकड्यांची वजाबाकी

आमची शाळा मोखाडा तालुक्यात, पोशेऱ्याच्या पलीकडच्या एका पाड्यावर. शिक्षिका दोनच. तिसरी-चौथी माझ्याकडे आणि पहिली-दुसरी माझ्याहून बऱ्याच लहान असलेल्या सहकारी बाईंकडे. ती साखरशेत गावाकडची, शेतकऱ्याची मुलगी. पाड्यावरच्या मुलांची बोली तिच्या घरचीच.

मागच्या वर्षी शिक्षकांसाठी एक ॲप आलं. तासाचा व्हिडिओ काढायचा, खोडाळ्याला रेंजमध्ये जाऊन अपलोड करायचा, मग एआय आपल्या शिकवण्यावर अभिप्राय देतं. मला त्याचा उपयोग झाला, हे आधी सांगते. मी प्रश्न विचारते आणि मुलांनी तोंड उघडायच्या आत उत्तरही देऊन टाकते, हे इतक्या वर्षांत मला कोणी सांगितलं नव्हतं. ॲपने पहिल्याच तासाला सांगितलं. आता मी थांबते.

तिचा पहिला व्हिडिओ वजाबाकीचा होता. टोपलीत आठ खेकडे, तीन पळाले, उरले किती? सगळं मुलांच्या बोलीत. वर्ग नुसता उसळला. दुसरीतली एक मुलगी उठून म्हणाली, "बाई, नांग्या मोडून ठेवल्यात ना? मग पळतील कसे?" पळतात की नाही यावर दोन तट पडले, आणि त्या भांडणात सगळी पोरं वजाबाकी शिकली. दारात उभी राहून मी पोट धरून हसत होते.

ॲपचा अभिप्राय आला: "वर्गात असंबद्ध गोंगाट. शिक्षकाची भाषा अस्पष्ट. वर्गनियंत्रणाकडे लक्ष द्या."

मी म्हटलं, "अगं, त्याला तुमची बोली येत नाही. त्याला काय कळणार खेकड्यातलं!"

"ताई, डी.एड.लाही हेच ऐकलंय. घरचं बोलणं घरी ठेव. आता मशीनही तेच म्हणतंय. दोघं कसे चुकतील?"

"दोघांनाही बोली येत नाही, म्हणून."

ती हसली, पण पटलं नव्हतं. पुढच्या व्हिडिओत पुस्तकातले फुगे आले. आठ फुगे, तीन फुटले. मुलं हाताची घडी घालून एका सुरात "पाच" म्हणाली. अभिप्राय: उत्तम. मग सगळे तास तसेच होत गेले.

आमच्याकडे पहिली-दुसरीत मूल वर्गात बोललं, तरच पुढे बोलतं. हे तिलाही ठाऊक होतं. पण चांगला अभिप्राय सोडवत नव्हता.

खोडाळ्याच्या शिक्षण परिषदेत तिचा फुग्यांचा व्हिडिओ नमुना म्हणून दाखवला. टाळ्या पडल्या. परतताना जीपमध्ये मी विचारलं, "तो खेकड्यांचा आहे ना गं? पुढच्या परिषदेत तो दाखवू."

"पुसला, ताई. फोन भरला होता." मग खिडकीबाहेर बघत म्हणाली, "आणि लाजही वाटायची."

खेकड्यांच्या नांग्यांवरून भांडणारी ती मुलगी यंदा तिसरीत, माझ्या वर्गात आली आहे. वही स्वच्छ, गणितं बरोबर. मी प्रश्न विचारते आणि ॲपने शिकवल्याप्रमाणे थांबते. तीही हाताची घडी घालून थांबते, मी उत्तर सांगेपर्यंत.