शांताबाईंची वेगळी चूल

शांताबाईंच्या मुलाचा, गजाननचा फोन आला तेव्हा मी अंगणात तुरीच्या शेंगा सोलत बसले होते. तो नांदेडला दवाखान्यात आईपाशी होता आणि दर वेळी "हाय तसंच हाय बाई" एवढंच सांगत होता. या वेळी आधी नुसता दवाखान्यातला गलका ऐकू आला. मागे कुणीतरी मोठ्यानं कुणाचं तरी नाव पुकारत होतं... मग म्हणाला, "बाई, आई गेली. गावात सांगून द्या." फोन ठेवला आणि मी पुन्हा शेंगा सोलायला लागले. शांताबाई गेल्या हे गावाला सांगायचं काम माझ्यावर यावं, याचा मला आधी रागच आला. आजवर गावातल्या कुणाच्याही दुखण्याची बातमी घेऊन त्याच माझ्या दारात येत असत.

मी हिंगोलीकडच्या गोरेगावजवळच्या या गावात शाळेवर बदलून आले आणि निवृत्त झाल्यावरही इथंच राहिले. शांताबाईंचं घर शाळेच्या मागे. त्यांना लिहिता-वाचता जेमतेम येई, पण बचत गटात त्यांचा शब्द चाले, कारण त्या भांडायला कधी मागे हटत नसत. सरकारच्या आरोग्य योजनेची कार्डं गावात आली तेव्हा सगळे खूश होते. मग एकेकाला दवाखान्याची पाळी आली आणि कळलं की कार्ड चालतं ते मोठ्या दवाखान्यात भरती झाल्यावर. तिथवर जायला जीप कुणी करायची? भरतीच्या आधीच्या तपासण्या, सोबत जाणाऱ्याचं खाणंपिणं? गटाच्या बैठकीत शांताबाई म्हणाल्या, "दवाखान्याच्या दारातून आत सरकार बघते. दारापर्यंतचं आपून बघू." त्यातून आमचं 'आजाराचं पोतं' सुरू झालं. खळी झाली की दर घरानं एक पायली तूर किंवा सोयाबीन द्यायची, सगळं मिळून मोंढ्यावर, धान्यबाजारात, विकायचं, आणि वर्षभर ज्याच्या घरी दुखणं येईल त्याच्या कामी ते लावायचं.

घर म्हणजे काय, यावरून पहिल्याच वर्षी कडाक्याचं भांडण झालं. एका छपराखाली तीन भाऊ राहतात, ते एक घर की तीन? शांताबाईंनी तोडगा काढला: एक चूल, एक पायली. ज्यांची भाकरी एका चुलीवर, ते एक घर. हे सगळ्यांना पटलं आणि लगेच सगळे फसवायला लागले. पायली वाचावी म्हणून जावा-जावा दुसऱ्या चुलीवर टोपलं पालथं घालून ठेवत. शांताबाई घरात शिरत, पाणी मागत, गप्पा मारता मारता टोपलं उचलत आणि राखेवर तळहात ठेवत. "काहून गं, ही चूल आपोआप तापून राहिली काय?" सगळ्या हसत, आणि दुसरी पायली निमूट बाहेर येई. घरोघरी गॅस आला तेव्हा त्या शेगडीलाही हात लावून बघायच्या. मी त्यांना आमच्या गावच्या चूल-इन्स्पेक्टर म्हणायची. त्यांना ते आवडायचं, पण चेहऱ्यावर दाखवत नसत.

वर्षाच्या मध्येच वेगळं निघालेल्याचं काय करायचं, हाही नियम त्यांचाच. वेगळी चूल मांडली की ते नवं घर. त्यानं पुढच्या खळ्याला पायली द्यायची आणि तिथून पुढं त्याचा हक्क. कोंडिबा म्हातारा असाच मुलांशी बिनसून भर उन्हाळ्यात वेगळा निघाला आणि पावसाळ्यात त्याच्या हर्नियानं उचल खाल्ली. तो काठी टेकत शांताबाईंकडे आला. त्या नाही म्हणाल्या. आपल्या घरची भाजी त्याच्याकडे रोज पाठवायच्या, त्याच्यासाठी रडल्याही, पण पोत्यातून काही दिलं नाही. "त्याला दिलं तर उद्या समदे तसंच करतीन बाई." कोंडिबा खळ्यापर्यंत पोट धरून बसला आणि मग त्याचं ऑपरेशन झालं. तो अजून आहे. शांताबाई नाहीत.

गेल्या उन्हाळ्यात त्या स्वतःच वेगळ्या निघाल्या. कारण काय, तर भाकरी. सून रेखा गॅसवर भाकरी करायची. शांताबाईंना चुलीवरचीच हवी. रेखा काही वाईट नाही, शांताबाईही नव्हत्या, पण शब्दाला शब्द वाढत गेला आणि एके सकाळी त्यांनी घरामागच्या पत्र्याच्या खोलीत तीन दगड मांडले. मी समजवायला गेले तर मलाच भाकरी वाढली. तेवढ्यावर थांबल्या असत्या तर! पण अर्धवट काही करणं त्यांच्या स्वभावातच नव्हतं. सेनगावला तहसीलात जाऊन त्यांनी मुलाच्या रेशनकार्डातून आपलं नाव कमी करून घेतलं आणि स्वतःच्या वेगळ्या कार्डासाठी अर्ज दिला. "येगळं तर बराबर येगळं," म्हणाल्या. "मी दुसऱ्याच्या चुली तपासत फिरते. माझीच खोटी कशी चालंल?"

दिवाळीनंतर त्यांचं पोट दुखायला लागलं. आधी त्यांनी ओवा खाल्ला, मग गोरेगावला जाऊन सुई टोचून घेऊन आल्या, मग दुखत नाही असं सांगायला लागल्या. मी विचारलं की "वायगोळा हाय" म्हणायच्या आणि विषय बदलायच्या. पोत्यातून त्यांना काही घ्यायचं नव्हतं, कारण त्यांच्या चुलीची पायली अजून पडलेली नव्हती. गटातल्या बायका म्हणाल्या, शांताबाई, तुमच्यामुळं तर पोतं आहे. त्यावर त्या इतक्या संतापल्या की पुन्हा कुणी बोललं नाही. शेवटी रेखाच गेली त्यांच्याकडे. मी तिथंच होते. दारात उभी राहून ती म्हणाली, "आई, चला घरात. एक टाइम आमच्यात जेवा. मंग आपली चूल एकच झाली. पोत्यातून जीप करू." शांताबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या, कपाळावर घाम होता. त्यांनी सुनेकडे बघितलं. इतक्या मायेनं त्यांनी तिच्याकडे कधी बघितलं असेल असं मला वाटत नाही. "जेवले असते गं," म्हणाल्या. "पर कोंडिबाला मी कोन्या तोंडानं न्हाई म्हणलं होतं?"

दोन दिवसांनी त्यांना उभंही राहता येईना, तेव्हा मी आणि गजाननने त्यांचं काही न ऐकता जीप बोलावली. रस्त्यात खड्डा आला की त्या माझा हात आवळत. मध्येच म्हणाल्या, "बाई, ही जीप कोनाची?" मी म्हटलं, "माझी. मी केली." तेव्हा कुठं त्यांनी डोळे मिटले. हिंगोलीच्या डॉक्टरांनी पोटाला हात लावला आणि थेट नांदेडला न्यायला सांगितलं, आजच्या आज.

नांदेडला आम्ही गेलो तो दवाखाना मोठा होता आणि तिथं योजना चालते अशी पाटी होती. मला हायसं वाटलं. योजनेच्या खिडकीत एक तरुण मुलगा बसला होता. त्यानं पुन्हा पुन्हा कॉम्प्युटरवर शोधलं, वर कुणाला तरी फोन लावला, स्वतः उठून आत जाऊन आला. त्याला मी दोष देणार नाही. तो म्हणाला, "योजना रेशनकार्डावर चालते. मुलाच्या कार्डातून यांचं नाव कमी झालंय. नवीन कार्ड अजून निघालेलं दिसत नाही." गजानन म्हणाला, "मंग माही आई कोनाच्या घरात हाय?" त्या मुलानं पुन्हा कॉम्प्युटरकडे बघितलं. "यात तरी कुणाच्याच नाही, दादा." शांताबाई मागं स्ट्रेचरवर होत्या. त्यांनी ते ऐकलं का, मला माहीत नाही. ऐकलं नसावं, असं मी स्वतःला सांगत असते.

पैसे भरल्याशिवाय तिथं भरती नव्हती. तिथून दुसऱ्या, सरकारी दवाखान्यात नेईपर्यंत दुपार कलली. तिथं त्यांनी काही न विचारता आत घेतलं, ऑपरेशनही केलं, पण पोटात सगळीकडे पू झाला होता. काल-परवा आणायला हवं होतं, असं डॉक्टर म्हणाले. गजाननने मला गावी परत पाठवलं, आणि मग तो फोन आला. तेव्हापासून मी कुणावर तरी चिडायचं म्हणून शोधते आहे. नियमावर चिडावं तर तो नसता तर पोतं पहिल्याच वर्षी बुडालं असतं. खिडकीतल्या पोराचं काय चुकलं? शांताबाईंवर चिडायला जाते तर त्यांचा तो घामेजलेला चेहरा समोर येतो आणि मला नुसतं रडू येतं.

परवा गटाची बैठक झाली. नियम बदलायला पाहिजे, यावर सगळ्यांचं एकमत होतं. मध्येच वेगळं निघालेल्यालाही द्यावं, असं ठरत आलं. मग एकजण म्हणाली, मग पायली द्यायच्या वेळी सगळे एक होतील आणि दुखण्याच्या वेळी वेगळे. पुन्हा वाद, पुन्हा आरडाओरडा. एरवी अशा वेळी एक आवाज चढायचा आणि बाकीचे गप्प व्हायचे. तो आवाज नव्हता. अंधार पडायला लागला तशा बायका स्वयंपाकाला उठून गेल्या. नियम आहे तसाच राहिला.

तुरीची खळी झाली आहेत. या वर्षी पोतं घेऊन मी फिरते आहे. शांताबाईंच्या घरी गेले तेव्हा रेखानं एक पायली तूर आणून पोत्यात ओतली. मी निघाले तर म्हणाली, "थांबा बाई," आणि आतून दुसरी पायली भरून आणली. "ही मागच्या खोलीची." मी म्हटलं, "अगं, तिथं आता कोण आहे?" ती पायली धरून तशीच उभी राहिली. दाराशी गजानन होता, त्यानं मान फिरवली. मी पोत्याचं तोंड उघडलं आणि रेखानं तूर आत ओतली. शांताबाईंच्या चुलीची पायली पडली होती. आता त्यांना दवाखान्यात न्यायला कसलीच अडचण नव्हती.