एक जूनची माणसं

फुलसावंगीजवळच्या आमच्या तांड्यात निम्म्याहून जास्त माणसांचा वाढदिवस एक जूनला येतो. पोरगं शाळेत घालायला आणलं की त्याची जन्मतारीख घरच्यांना सांगता यायची नाही. मग नानाजी गुरुजी पोराकडे बघून साल लिहायचे आणि पुढे बिनदिक्कत एक जून ठोकून द्यायचे. गुरुजी आता हयात नाहीत. पण त्या पोरांना हाताला धरून शाळेत आणणारी हंसाबाई आहे, आणि चांगली खणखणीत आहे.

हंसाबाई तांड्याची सुईण. सगळे तिला याडी म्हणतात, म्हणजे आई. मी इथल्या शाळेचा मुख्याध्यापक. पहिल्या वर्षी ही बाई मला डोकेदुखीच वाटली होती. मी कुलूप काढायच्या आत ही दारात हजर. "मास्तर, सुखीबाईचं पोर सहा वर्साचं झालं, नाव लिवा." एकदा मी चिडून म्हणालो, याडी, ही शाळा तुमची की माझी? ती म्हणाली, "पोरं माही, शाळा तुमची." त्यानंतर मी वाद घालणं सोडलं.

तिची नात पुष्पा नवऱ्याबरोबर, संजयबरोबर, दूरच्या एका मोठ्या शहरात बांधकामावर असते. फेब्रुवारीत एका दुपारी जेवणाच्या सुट्टीत ती याडीशी फोनवर गोरबोलीत, म्हणजे बंजाऱ्यांच्या भाषेत, बोलत होती. त्या भागात परदेशी लोकांची तपासणी चालली होती. "ही कुठली भाषा?" असा पुरुषाचा आवाज याडीने ऐकला आणि फोन बंद पडला.

संध्याकाळी संजयने सगळं कळवलं. त्याने दोघांचे कागद नेऊन दाखवले, सोबत तिथेच कामाला असलेल्या पुष्पाच्या भावाचे, बादलचेही. तिघांची तारीख एक जून. अधिकाऱ्याला वाटलं, हे बनावट कागद एकाच ठिकाणी छापलेत. पुरुषांना त्याने रोजच्या हजेरीवर सोडलं आणि परकी भाषा बोलताना सापडलेल्या पुष्पाला, देशाबाहेर पाठवायच्या बायका ठेवतात त्या इमारतीत नेलं.

"मास्तर, तुमचं मोठं रजिस्टर घ्या," याडी म्हणाली. नियमाने ते शाळेबाहेर नेता येत नाही. मी नेलं. उमरखेडवरून एसटीने स्टेशन गाठलं, तिथून पुढे रेल्वे. याडीने ते मांडीवरून खाली ठेवलं नाही.

अधिकारी तरुण होता, उद्धट नव्हता, पण कागदावर फार विश्वास असलेला होता. त्याने पुष्पाच्या नावाचं पान उघडलं आणि त्याचा चेहराच बदलला. त्या पानावर बावीस पोरं होती, बावीसही एक जूनची. पुरावा म्हणून आणलेलं रजिस्टर आमच्याच अंगाशी आलं.

"एक जून लिवा म्हून मीच सांगतलं होतं गुरुजीले," याडी म्हणाली. "तारीख खोटी हाये, साहेब. पोरं खरी हायेत. नावं वाचा."

तो वाचत गेला आणि ती सांगत गेली. हे पायाळू. ही पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, माय जेवायला पाटावर बसलेली असताना. हा सोनू, नाळ गळ्याभोवती, रडलाच नाही, मी पाठीत दोन धपाटे दिले तवा रडला. आणि ही पुष्पा, तुरीच्या वावरात, अंगावरचं लुगडं फाडून गुंडाळली. "खोटं वाटत असन तर लावा कोनालेबी फोन."

सोनू आता उमरखेडच्या डेपोत कंडक्टर आहे. त्याचा नंबर माझ्याकडे होता. अधिकाऱ्याने फोन लावला आणि विचारलं, तुमच्या जन्माबद्दल काय ठाऊक आहे? "धपाट्याचं काय?" तिकडून सोनू म्हणाला. "ते याडी दर लग्नात सांगते, साहेब. काहून, काय झालं?" अधिकाऱ्याने आणखी तिघांना विचारलं. मग त्याने याडीचं म्हणणं लिहून घेतलं. नवव्या दिवशी पुष्पा बाहेर आली. मी खोटं कशाला सांगू, मी रडलो. याडी नाही रडली.

ती रडली महिन्याभराने. पुष्पाचा फोन आला आणि ती मराठीत बोलली. अगदी हळू, चार लोक ऐकत असल्यासारखी. याडी गोरबोलीत विचारी आणि ही मराठीत उत्तर देई. फोन ठेवून याडी माझ्या ओट्यावर बसली. "पोरगी सुटली, मास्तर. जीभ तिथंच राह्यली."

त्याच सुमारास एका नव्या कायद्याचा मसुदा लोकांच्या हरकतींसाठी निघाला होता. मी तिला वाचून दाखवला. संशय आला की धरायचं, कागद पटला नाही की कोंडायचं, तीस दिवसांत देशाबाहेर. साक्षीला माणूस आणायची सोयच नव्हती. "म्हणजे मी गेली असती तरी मले कोनी इचारलं नसतं?" नसतं, म्हणालो. "मग लिवा."

त्या पानावरच्या बावीस जणांच्या बावीस हरकती गेल्या. प्रत्येकाने आपला जन्म कसा झाला ते लिहिलं. पुष्पा नको म्हणत होती, पुन्हा सरकारपुढे नाव कशाला? याडीने तिला जबरदस्ती केली नाही. आठ दिवसांनी तिने अर्ज स्वतःहून पाठवला आणि मी तो गठ्ठ्यात सगळ्यांत वर ठेवला. अर्जात जन्मतारखेचा रकाना होता. सगळ्यांनी खरी तारीख भरली, म्हणजे कागदावरची, एक जून.

परवा पुष्पाचा फोन आला. याडीने तो माझ्यासमोर घेतला. हरकती पाठवल्या त्या कार्यालयातून एका बाबूने पुष्पाला फोन केला होता. बावीस अर्जांवर एकच तारीख, हे बोगस दिसतात, असं तो म्हणाला. पुष्पाने त्याला सांगितलं, "साहेब, तुमाले शंका आली आन् तुमी फोन करून इचारलं. कायद्यातबी तेवढंच लिवा. कोंडाच्या आधी इचारा."

हे मला याडीने मागाहून मराठीत सांगितलं. त्या वेळी मला अर्धंही कळत नव्हतं. पुष्पा कामाच्या जागी भर माणसांत उभी होती, मागे मशीन चालू होतं, आणि मशीनपेक्षा मोठ्या आवाजात ती याडीला सगळं गोरबोलीत सांगत होती.