साडूच्या गाडीचं पाणी

सावळीराम माझा थोरला साडू. माझ्या बायकोची, उज्वलाची, थोरली बहीण साधना त्याला दिलेली. त्याच्याबद्दल वाईट बोलणारा माणूस ओझरमध्ये सापडत नाही. नाशकात एक आहे, तो मी.

तसं बघितलं तर त्यानं माझं कधी काही वाकडं केलं नाही. हेच जास्त लागतं. एखाद्यानं भांडण काढलं तर त्याच्याशी बोलणं तोडता येतं, पण हा भांडतच नाही. ओझरच्या विमान कारखान्यात त्यानं पस्तीस वर्षं पत्र्याचं काम केलं आणि तेवढ्या वर्षांत त्याचा चढलेला आवाज कुणी ऐकला नाही म्हणतात. सासुरवाडीला गेलो की सासरे मला विचारायचे, "काय राजूभाऊ, धंदा बरा का?" आणि मी तोंड उघडेपर्यंत सावळीरामकडे वळलेले असायचे. विहिरीवरची मोटर अडली, दार लागेना, छप्पर गळायला लागलं, सगळ्याला सावळीराम. माझं सिडकोत पाण्याच्या फिल्टरचं दुकान आहे, त्रिमूर्ती चौकाच्या अलीकडे, एकवीस वर्षं झाली. सासऱ्यांच्या घरात फिल्टर मीच बसवला. तो गळायला लागला तेव्हा त्यांनी फोन सावळीरामला केला.

तो निवृत्त झाला तेव्हा मला बरं वाटलं. म्हटलं, आता हाही चारचौघांसारखा ओट्यावर बसून पेपर वाचेल आणि गुडघे दुखतात म्हणेल. तर हा लासलगावला गेला आणि कांद्याची एक जुनी ट्रॉली घेऊन आला. तिचा सांगाडा तेवढा ठेवला, चाकं बदलली, आरटीओत खेपा घालून कागद केले, आणि दीड वर्षात अंगणात एक फिरतं घर उभं केलं. जीपच्या मागे जोडायचं आणि निघायचं. वरून पांढराशुभ्र अॅल्युमिनियमचा पत्रा, एकेक रिवेट दोरी धरून मारल्यासारखी सरळ. आत ओटा, शेगडी, कपाटं, पुढे एक दोघांचा पलंग आणि मागे दोघांना झोपता येईल असा रुंद बाक.

मागचा बाक आमच्यासाठी होता. सावळीरामनं तो उज्वलाची उंची विचारून केला.

जानेवारीत आठ दिवस कोकणात जायचं, चौघांनी, असं ठरत होतं. फेब्रुवारीत साधनाताईंच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं, त्याच्या आत जाऊन यायचं. उज्वलाच्या लग्नाला सव्वीस वर्षं झाली. एवढ्या वर्षांत या दोघी बहिणी सलग दोन रात्री एकत्र राहिलेल्या नाहीत. एकीच्या नवऱ्याची पाळी, दुसरीच्या नवऱ्याचं दुकान. दिवाळीत सकाळी भेटायचं आणि संध्याकाळच्या गाडीनं परत. म्हणून उज्वलानं बाकाची कव्हरं शिवायला घेतली, निळी, बारीक फुलांची. एक दिवस मला म्हणाली, "अहो, आठ दिवस दुकान बंद ठेवाल ना?" मी म्हटलं, बघू.

मी बघू का म्हटलं तेही सांगतो. ती पहिल्यांदा त्या गाडीत चढली तेव्हा बाकावर बसली आणि शेजारच्या लाकडावरून हळूच हात फिरवला. आमच्या फ्लॅटची किल्ली मिळाली त्या दिवशी तिनं असा कुठे हात फिरवला नव्हता. मी दारात उभा होतो. माझ्या पोटात जे दुखायला लागलं ते पुढे कित्येक दिवस दुखत राहिलं.

आणि मग डिसेंबरात सावळीराम माझ्या दुकानात आला. हातात वही.

"राजूभाऊ, गाडीत प्यायच्या पाण्याला कोणता फिल्टर टाकू?" तो म्हणाला. "पत्र्याचं इचार, लाकडाचं इचार. पाण्यातलं मला काय बी कळत नाय. तू सांगशील तो बसवू."

सव्वीस वर्षांत हा माणूस पहिल्यांदा माझ्याकडे काही मागायला आला होता.

"टाकी केवढी?" मी विचारलं.

"नव्वद लिटरची. तिच्यातच भांडी, आंघोळ, समदं."

अशा गाडीला काय लागतं हे मला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येईल. टाकी भरताना नळीला एक गाळाचा फिल्टर लावायचा, पुढे कोळशाचा, आणि शेवटी साधा यूएफ, म्हणजे बारीक छिद्रांच्या पडद्याची गाळणी. यूएफला वीज लागत नाही, पाणी वाया जात नाही, जागाही थोडी. गावोगावच्या नळाचं पाणी भरणाऱ्याला तेवढा पुरे. कुठे बोअरचं खारट पाणी मिळालं तर प्यायला एक जार विकत घ्यायचा. आरओ असल्या गाडीत टाकायचा नसतो. घरात नळाला जोडलेला असतो म्हणून कळत नाही, पण एक लिटर प्यायचं पाणी देताना तो तीन लिटर नळीतून बाहेर सोडतो. नव्वद लिटरच्या टाकीवर आरओ म्हणजे फुटक्या बादलीनं विहीर उपसणं.

मी म्हटलं, "आरओ टाक."

"लय भारी असतो ना तो?"

"सगळ्यात भारी. आणि माझ्याकडून. पैशाचं नाव काढायचं नाही."

मी किती हुशारीनं केलं बघा. महागातली वस्तू, वर फुकट दिलेली, तिला कोण नावं ठेवणार? दुसऱ्या दिवशी टाकी रिकामी होईल, साधनाताई कुरकुर करतील, दोन खेपांनंतर गाडीवर ताडपत्री पडेल आणि अंगणात कोंबड्या तिच्याखाली बसतील. एवढं सगळं मी त्याला चहा पाजतापाजता मनात बघून घेतलं. सावळीराम जाताना म्हणाला, "तू हायस म्हणून बरं हाय." मला तेव्हाही लाज वाटली नाही. जळणाऱ्या माणसाला लाज उशिरा वाटते.

रविवारी आरओ बसवायला मी आणि उज्वला ओझरला गेलो. सावळीरामचे दोन भाऊ, त्यांच्या बायका, शेजारपाजारचे, असे दहा-बारा जण गाडीभोवती होते. कारखान्यात प्रत्येक कामाबरोबर एक कार्ड फिरायचं. करणारा सही करायचा, तपासणारा त्याच्याखाली सही करायचा, त्याशिवाय काम पुढे सरकायचं नाही. सावळीरामनं तीच रीत घरी आणली होती. कपाटाच्या दारामागे कार्ड, खिडकीच्या चौकटीत कार्ड, ओट्याखाली कार्ड, तिथे तपासणारी म्हणून साधनाताईंची सही. त्यानं नवं कार्ड काढलं, वर "पाणी" लिहिलं, स्वतःची सही केली आणि पेन माझ्या हातात दिलं. मी सही केली. चांगली वळणदार आली.

उज्वला त्या यंत्राकडे थोडा वेळ बघत राहिली. मग सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली, "आमच्या ह्यांनी दुकानातला सगळ्यात भारी काढून दिलाय हो दाजी."

लोक माझ्याकडे वळून बघायला लागले. साधनाताई म्हणाल्या, "भाऊजी, मन मोठं हाय तुमचं." लग्नात सोडलं तर नात्यातल्या माणसांत मला असं कधी कुणी पाहिलं नव्हतं. उज्वलाच्या तोंडून दहा माणसांत माझं कौतुक निघालं याचं मला इतकं बरं वाटलं, की ते कशाचं निघालं हे मी विसरून गेलो.

पुढच्या आठवड्यात गाडी कशी चालते ते बघायला ते दोघं भंडारदऱ्याला दोन दिवस गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी सावळीरामचा फोन. टाकी कोरडी पडली होती. मला आनंद झाला. खोटं कशाला बोलू, दुकानात उभ्याउभ्या मी हसलो.

सोमवारी त्याचा परत फोन आला तेव्हा उज्वला माझ्याशेजारी होती, म्हणून मी फोन स्पीकरवर टाकला. आता हा मला बोलेल, आरओला बोलेल, याची मी वाट बघत होतो. बोलू दे, एकदा तरी बोलू दे.

"चूक माझी हाय," सावळीराम म्हणाला. "टाकीच लहान केली मी. तू येवढी चांगली वस्तू दिली, तिला पाणी पुरवायचं मी बघायला पायजे होतं. ते बाहेर जाणारं पाणी परत टाकीत सोडलं तर?"

"नको," मी म्हटलं. "क्षार वाढत जातात. आतला पडदा खराब होतो." हे अर्धं खरं होतं, म्हणून पटकन तोंडातून गेलं.

"मंग दुसरी टाकी टाकतो. पण जागा मागच्या बाकाचीच हाय. तो काढावा लागंल. गुरुवारी कापतो. उज्वला, ऐकतीस ना? वाईट वाटून घेऊ नको, बाई."

"असू द्या दाजी," उज्वला म्हणाली. "पुढच्या वेळी जाऊ." मग ती आत गेली आणि शिवून झालेली कव्हरं घडी करून पिशवीत भरली.

एक वाक्य बोललं असतं तर बाक वाचला असता. आरओ काढ, यूएफ टाक, एवढंच. पण मग आधी आरओ का दिला हे सांगावं लागलं असतं. एकवीस वर्षं फिल्टर विकणाऱ्याला हे माहीत नव्हतं, असं कोण मानणार? मंगळवारी मी बोललो नाही. बुधवारी दोनदा फोन हातात घेतला आणि ठेवला. उज्वला जेवायला वाढत होती, सकाळी मी फिल्टर बसवायच्या कामाला बाहेर गेलो की नेहमीसारखी दुकान सांभाळत होती. वाढताना मात्र माझ्याकडे बघत थांबायची, मी मान वर केली की आत जायची.

गुरुवारी सकाळी मी दुकानातून एक यूएफ घेतला आणि स्कूटर काढली. "मीपण येते," उज्वला म्हणाली. "कव्हरं ताईला देऊन टाकते. उशांना होतील."

ओझरला पोचलो तेव्हा साडेआठ झाले होते. सावळीराम सहालाच कामाला लागतो हे मला माहीत होतं, तरी साडेआठच वाजले. बाक कापून झाला होता. फळ्या भिंतीला ओळीनं टेकवून ठेवलेल्या. उज्वला न थांबता आत बहिणीकडे गेली.

मी यूएफ त्याच्यासमोर ठेवला. "हा पुरेल," मी म्हटलं. "दुसऱ्या टाकीची गरज नाही. बाकही काढायला नको होता."

त्यानं तो उचलून उलटसुलट बघितला. "मंग हे आधी का नाय सांगितलं?"

"मला बघवत नव्हतं," मी म्हटलं. "गाडी बघवत नव्हती तुझी."

त्यानं यूएफ खाली ठेवला. हातावरचा भुसा झटकला, फळ्यांकडे बघितलं. त्यानं मला शिवी द्यावी म्हणून मी उभा होतो. एक शिवी दिली असती तर आम्ही बरोबरीत आलो असतो.

"बाक परत व्हायला महिना लागंल," तो शेवटी म्हणाला. "साधनाच्या डोळ्याची तारीख आलीय. पुढच्या पलंगावर दोघी बहिणी झोपतील. मी जीपात झोपंन. तू दुकान बघ."

संपलं. आत जाऊन त्यानं बायकांना एवढंच सांगितलं, की बेत बदलला आणि उज्वला येतेय. माझं नाव त्यानं कुठे घेतलं नाही. त्याचाही मला रागच आला.

परत येताना आडगावजवळ मी स्कूटर बाजूला घेतली. उज्वलाला सांगितलं नाही तर आता सावळीरामच्या उपकारात जन्म जाईल असं वाटलं. मी म्हटलं, "तो आरओ मी मुद्दाम दिला होता."

ती पदर सारखा करत होती. "मला माहीत आहे," ती म्हणाली.

"तुला दाजींनी सांगितलं?"

"ते कशाला सांगतील? रोज सकाळी दुकानात मी बसते. आरओ किती पाणी वाया घालवतो ते गिऱ्हाइकांना मीच सांगते. गाडीत बघितलं तेव्हाच कळलं."

"मग तिथे कौतुक कशाला केलंस?"

"साधनाताईच्या सासरची दहा माणसं उभी होती. त्यांनी तुमच्याकडे वाईट नजरेनं बघू नये म्हणून." ती थोडी थांबली. "नंतर वाटलं, तुम्ही स्वतःच सांगाल. सोमवारी सांगाल, मंगळवारी सांगाल. आज सकाळी यूएफ घेतलात तेव्हा बरं वाटलं. उशीर झाला, पण बरं वाटलं."

तिनं खांद्याला हात लावला आणि चला म्हणाली, दुकान उघडायचंय.

त्या दोघी रविवारी गेल्या. आज पाचवा दिवस. काल उज्वलाचा फोन आला, मागे साधनाताई कशाला तरी खळखळून हसत होत्या, आणि सावळीराम जीपवर वाळत घातलेल्या साड्या काढत होता म्हणे. माझ्या पोटात परत दुखलं. ते काही जायचं नाही.

पण दुकानात एकट्यानं बसल्यावर मी एक हिशोब मांडून बघतो. सावळीराम चांगला, त्याचं काम चांगलं, त्याला सगळे चांगलं म्हणतात. त्याचं वाईट पोटात घालून दहा माणसांसमोर त्याला मोठं करायची पाळी साधनाताईंवर कधी आलीच नसेल. मला तसं करणारं माणूस आहे. या एका गोष्टीचा त्यानं माझा हेवा करायला हवा, आणि ही गोष्ट मला त्याला कधी सांगता यायची नाही.