मोटारीच्या नळीतला बोळा

आमच्या मोटारीनं माझं लग्न जवळजवळ मोडलं होतं, पण त्यात बिचाऱ्या मोटारीची काही चूक नव्हती.

नालवाडीत आमचं किराणा दुकान. बाबांनी कुणीतरी वापरून दमवलेली मोटार विकत घेतली आणि अंगणात आणून उभी केली. नेमकी मी रोज सारवायची तिथंच! इंजिनाखाली एक नळी लोंबायची. तिच्या तोंडातून रात्रभर तेल ठिबकायचं आणि सकाळी माझ्या सारवणावर हा एवढा काळा डाग! मी चिडले की बाबा खूश.

"डाग पडला म्हनजे तेल हाय. नाई पडला की समजाचं, संपलं!"

(इंजिनाचं तेल तपासायची त्यांची हीच पद्धत. त्यासाठी इंजिनात एक सळई असते हे त्यांना माहीत होतं. पण हात काळे होतात म्हणून ते तिच्या वाटेला जात नसत.)

अशात आष्टीहून मला पाहायला पाहुणे येणार असं ठरलं. आधीची दोन स्थळं "कळवतो" म्हणून गेली ती गेलीच! आईनं देव पाण्यात ठेवले होते. मलाही हे स्थळ मनापासून हवं होतं (फोटो पाहिला होता, चोरून!). त्या डागानं पाहुण्यांसमोर अब्रू जायला नको म्हणून आदल्या संध्याकाळी मी पदर खोचून मोटारीखाली शिरले. घरात कापसाला काय तोटा? मूठभर घेतला, नव्या पोपटी ब्लाउजच्या उरलेल्या कापडात गुंडाळला आणि रॉकेलच्या बाटलीला लावतात तसा घट्ट बोळा त्या नळीत ठोकून बसवला.

सकाळी अंगण लख्ख! मी हरखले. बाबा मात्र हादरले.

"अवं, डागच नाई! तेल संपलं!"

आणि त्यांनी तेलाचा अख्खा डबा इंजिनात ओतला.

पाहुणे आले. मुलगा, त्याची आई, आणि पांढरंशुभ्र धोतर नेसलेले वडील. आष्टीला त्यांची इंजिनावर चालणारी पिठाची चक्की होती. पोहे झाले, चहा झाला, मी भरलेले अभ्रेही पाहून झाले. सगळं इतकं छान चाललं होतं की आई दारामागून देवाला हात जोडत होती. तेवढ्यात बाबांना उमाळा आला.

"चला, आमच्या मोटारीचं इंजन दाखवतो!"

बॉनेट उघडलं. मुलाचे वडील वाकून पाहू लागले. बाबांनी आत बसून मोटार सुरू केली.

"आवाज जरा घोगरा येऊन राह्यला," वडील म्हणाले.

"रेस देतो, मंग पाहा!"

रेस दिली मात्र, ती तेल मोजायची सळई सुर्रकन उडाली आणि तिच्यामागून काळ्या तेलाची पिचकारी!

"अरे बापा! बस! बस!"

उघड्या बॉनेटआड बाबांना काही दिसत नव्हतं. त्यांना वाटलं, कौतुक चाललंय!

"असं कसं बस? अजून देतो न!"

आता तेल ओतायच्या तोंडावरचं झाकणच उडालं. मोटार बंद झाली तेव्हा मुलाच्या वडिलांचे फक्त डोळे पांढरे उरले होते.

"गेलं माय, हेही स्थळ गेलं!" आई मटकन खाली बसली.

बाबा उतरले, पाहुण्यांकडे पाहिलं आणि म्हणाले, "तेल कमी पडलं वाटते. दुसरा डबा आन वं!"

"थांबा!" मुलगा बाह्या सरसावून मोटारीखाली शिरला आणि बोळा घेऊन बाहेर आला. सगळ्यांनी त्या पोपटी बोळ्याकडे पाहिलं. मग सगळ्यांनी माझ्या ब्लाउजकडे पाहिलं. धरणीमाय पोटात घेईल तर बरं, असं झालं मला!

"या नळीतून इंजन दम सोडते," तो म्हणाला. "आतली वाफ कोंडली तं ते तेलाले घेऊन भेटन तिकडून निंगते. त्यात तेलही लय भरलं. कोनं लावला बोळा?"

"मी."

"काऊन?"

"अंगन खराब होऊन राह्यलं होतं. तुमी येनार होते न..."

त्यानं मान खाली घातली. खांदे गदगदत होते. तो हसतोय हे कळलं आणि मला रडूच फुटलं.

त्याचे वडील न्हाणीतून बाहेर आले ते बाबांचा आखूड सदरा घालून, कान पुसत. आता "कळवतो" येणार, म्हणून मी डोळे मिटून घेतले.

"पोरगी पसंत हाय."

"अहो!" त्यांच्या बायकोनं त्यांना कोपरानं ढोसलं. "घरी जाऊन बोलू न!"

"काय बोलाचं त्यात? दुसऱ्या कोनाच्या घरी गेली तं त्यायचं इंजन जाईन! आपल्या घरी दुरुस्त करनारा तं हाय!"

लग्न झालं. संसार सुखाचा झाला, कशाला खोटं बोलू? पण कुणी रूपावर पसंत पडतं, कुणी गुणांवर. मी मात्र जिल्ह्यातली बाकीची इंजिनं वाचावीत म्हणून पसंत पडले!