पुन्हाबाई आणि न तुटलेली पट्टी

आमच्या कारखान्यात तिला सगळे पुन्हाबाई म्हणतात. खरं नाव तिच्या नवऱ्याला तरी आठवत असेल की नाही, देव जाणे. आम्ही भिंतींच्या सांध्यांत भरायचं रबरासारखं सीलंट बनवतो. कशात काय किती घालायचं ते ती ठरवते आणि तयार झालेल्या पट्ट्या मी मशीनला लावून तुटेपर्यंत ताणतो. वस्तू तोडण्याचा पगार घेणारा माझ्यासारखा मीच. पट्टी कुठे तुटली ते मी सांगायचं आणि तिने म्हणायचं, “पुन्हा.” की माझ्या कपाळाला आठी.

यंदा मात्र तिच्या टेबलावरच गदा आली. थंडीत सांधे रुंदावले की आमच्या सीलंटला चिरा पडत होत्या. मालकांनी स्पष्ट सांगितलं, या खेपेला जमलं नाही तर तयार माल बाहेरून आणायचा, प्रयोगशाळा बंद आणि बाईंनी पॅकिंगला जायचं. पॅकिंगला मी नावं ठेवत नाही, पण पुन्हाबाई डब्यांना झाकणं लावत बसलेली मला बघवली नसती.

आजवर आम्ही एका वेळी एकच गोष्ट बदलायचो. खडूची भुकटी वाढवली, बिघडलं. मऊपणासाठी तेल वाढवलं, तेही बिघडलं. या वेळी तिने भुकटी, तेल आणि घट्ट करणारं रसायन यांची कमी-जास्त अशी जितकी जुळणी होईल तितकी सगळी मांडली आणि क्रम चिठ्ठ्या टाकून ठरवला. शिवाय मधल्या मापाची एक कृती सुरुवातीला, मध्ये आणि शेवटी, तीच ती. “कमी भुकटीच्या सगळ्या आधी उरकू, मिक्सर घासणं तरी वाचेल,” मी म्हटलं. तिने चिठ्ठ्यांचा क्रम माझ्यापुढे सरकवला.

मालक वैतागले. “सगळंच एकदम बदललं तर काय कशामुळे झालं ते कळणार कसं?”

“साहेब, तुमचे दोघं मुलगे एकेकटे कसे असतात?”

“थोरला घुम्या, धाकटा रडका.”

“आणि एकत्र?”

मालकांना हसू आवरेना. “घर डोक्यावर घेतात.”

“एकेकाकडे बघून हे कळलं असतं का?”

“बरं, ते पटलं. पण एकच कृती तीनदा कशाला? पहिल्यांदा नीट वाचता आली नाही?”

“ते नंतर सांगते,” ती म्हणाली.

मिक्सर घासून घासून माझे हात सोलवटले. पट्ट्या तयार होतील तशा मी ताणत गेलो. मधली कृती पहिल्यांदा छान लांबली, पुढच्या दोन्ही वेळा पटकन तुटली. कृती तीच, मशीन तेच, माणूसही मीच. ती तडक पट्ट्या ठेवायच्या खोलीत गेली आणि वर बघून हसतच सुटली. गिऱ्हाईक बघायला येणार म्हणून मालकांनी मध्येच हौसेने एसी बसवला होता. आमचं सीलंट हवेतला ओलावा घेऊन घट्ट होतं. त्या कोरड्या गारव्यात पट्ट्या आतून कच्च्याच राहत होत्या. मधली कृती नसती आणि माझं ऐकून कमी भुकटीच्या आधी उरकल्या असत्या, तर सगळा दोष जास्त भुकटीच्या माथी मारून आम्ही मोकळे झालो असतो.

“पुन्हा,” ती म्हणाली.

मालकांनी स्वतः एसी बंद केला. मीही मुकाट्याने मिक्सर घासायला घेतला, आणि खरं सांगतो, आनंदाने घेतला.

या खेपेला मधल्या तिन्ही पट्ट्या सख्ख्या बहिणींसारख्या निघाल्या. थंडीत टिकतात का ते बघायला पट्ट्या फ्रीजरमध्ये गारठवल्या होत्या; त्यातली एकेक काढून मी ताणत होतो. भुकटी जास्त, तेल कमी: तुटली. तेल जास्त, भुकटी कमी: फाटली. मग दोन्ही जास्त असलेली लावली. ती लांबत गेली, आणखी लांबली. पुन्हाबाईने टेबलाची कड घट्ट धरली होती. मशीनचा जबडा वर टोकाला जाऊन थांबला आणि पट्टी तशीच ताठ उभी. पट्टीच्या आधी मशीन हरलेलं मी पहिल्यांदाच बघत होतो.

मालक पट्टीला नाक लावून बघत राहिले.

“पुन्हा,” ते म्हणाले.